सांगाडा तोच, चाके नवी

वयस्कर माणसांच्या घरात आवराआवर निघाली, की दोन वस्तूंवर हमखास गदा येते. एक म्हणजे जिन्याखाली उभी असलेली जुनी सायकल, आणि दुसरी म्हणजे माळ्यावरच्या पेटीतील राजे, राक्षस आणि जादूगार यांच्या गोष्टींची पुस्तके. सायकलीविषयी म्हटले जाते, ‘आता या वयात कोण चालवणार?’ पुस्तकांविषयी म्हटले जाते, ‘आता या वयात कोण वाचणार?’ वाचकहो, गेल्या अडीच वर्षांत हे दोन्ही प्रश्न आमच्या घरात एकाच वेळी उभे राहिले. त्यांची उत्तरे शोधताना जे हाती लागले, ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपण स्वतः ज्येष्ठ असाल किंवा कुणा ज्येष्ठाची काळजी घेत असाल, तर त्यातील काही आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

मी दिघ्याचा रहिवासी. ठाण्याहून बेलापूरच्या दिशेने निघाले, की नवी मुंबईची हद्द आमच्या गावापासून सुरू होते. एका अंगाला पारसिकची डोंगररांग, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि मध्ये कारखाने, रेल्वे व दाटीवाटीची वस्ती. आज येथे स्वतःचे रेल्वेस्थानक आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी ‘दिघा गाव’ स्थानक सुरू झाले. मी कारखान्यात लागलो तेव्हा मात्र या बाजूला प्रवासी गाडीच नव्हती. पाळी बदलण्याचा भोंगा झाला, की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. त्या लोंढ्यात माझी ॲटलस होती. १९८१ च्या दिवाळीच्या बोनसमधून ती घेतली. तिच्या दांडीवर पुढे मुलगा बसला, मागे कॅरियरवर पत्नी बसली, आणि हँडलला भाजीची पिशवी तर रोजच लटकली. निवृत्तीनंतरही दूध आणि औषधे तीच आणीत असे.

जुलै २०२३ मध्ये पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. सकाळी चहाचा कप तिच्या उजव्या हातातून निसटला, ओठ एका बाजूला ओढला गेला आणि शब्द अडखळू लागले. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. चेहरा वाकडा होणे, एका हातातील बळ जाणे आणि बोलणे अडखळणे, यांपैकी एक लक्षण जरी अचानक दिसले, तरी ‘थोडे पडून राहू दे’ असे म्हणू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध झटक्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून लक्षण किती वाजता दिसले ते लक्षात ठेवून थेट रुग्णालय गाठावे. आम्ही वेळेत पोहोचलो. जीव वाचला, वाचाही बरीचशी टिकली. पण उजवा हात आणि उजवा पाय यांत अशक्तपणा राहिला.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत सायकल जिन्याखालून हलली नाही. तिच्या टायरमधील हवा गेली, आणि माझीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. रात्री दोनदा उठणे, औषधांच्या वेळा, व्यायामासाठी दवाखान्याच्या फेऱ्या, स्वयंपाकात सूनबाईला मदत. दिवस भरून जाई, पण पाय घराबाहेर पडत नसे. माझा रक्तदाब वाढला, वजन सात किलोंनी वाढले आणि आवाजही चढू लागला. डॉक्टरांनी पत्नीला तपासून झाल्यावर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “काका, यांची काळजी घेणाऱ्याची काळजी कोण घेतो?” रोज पाऊण तास स्वतःसाठी काढा, असे त्यांनी बजावले. मी सायकलीचे नाव काढले.

मुलाचा विरोध होता, आणि तो पोकळ नव्हता. “बाबा, तुम्ही पडलात तर दोघांना कोण बघणार?” या वाक्याला हसण्यावारी नेता येत नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे आमच्या चाळीत आम्ही पाहिलेले आहे. भंगारवाला चारशे रुपये द्यायला तयार होता. सायकल विकून घरात बसणे हा एक मार्ग होता, आणि हट्टाने आहे त्याच सायकलीवर टांग मारणे हा दुसरा. आम्ही तिसरा निवडला. आधी माणसाची तपासणी करायची, मग सायकलीची, आणि दोघांत जे बदलावे लागेल ते बदलायचे.

माणसाची तपासणी सोपी होती. रक्तदाब, हृदयाचा आलेख, डोळे आणि कान. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली होती. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळता येतो का, हेही डॉक्टरांनी पाहिले. ज्यांना चक्कर येते, अचानक उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा झोप आणणारी औषधे चालू आहेत, त्यांनी रस्त्यावर सायकल चालवू नये, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

मग सायकल मिस्त्रीकडे गेली. त्याने प्रथम काय केले, ते सांगण्याजोगे आहे. मागच्या चाकाच्या खाचेला दोरा बांधून तो हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणला, आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. अंतर सारखे भरले. “काका, सांगाडा सरळ आहे. जोडाला कुठे तडा नाही. बाकी सगळे बदलता येते,” तो म्हणाला. सांगाडा वाकलेला निघाला असता, तर मी तिचा नाद सोडला असता; कारण वाकलेल्या सांगाड्यावर खर्च करणे म्हणजे पडण्याची तयारी करणे होय.

पहिला बदल ब्रेकचा. जुन्या सायकलीला सळयांचे ब्रेक असतात. दांडा दाबला की रबराचे ठोकळे लोखंडी रिमवर खालून वर दाबले जातात. पावसात लोखंडी रिम ओली झाली, की हे रबर घसरते आणि सायकल वेळेवर थांबत नाही. तरुणपणी आपण पाय टेकवून थांबवीत असू; आता तो पर्याय नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या रिमा आणि दोन्ही बाजूंनी रिम पकडणारे तारेचे कॅलिपर ब्रेक बसवले. कमी जोर लावून सायकल लवकर थांबू लागली.

दुसरा बदल दातांचा, म्हणजे सायकलीच्या. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते होते. त्यामुळे पायडल एकदा पूर्ण फिरले की सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाई. मागे २२ दातांचे फ्रीव्हील टाकल्यावर एका फेरीत ती ४.४ मीटर जाऊ लागली. वेग कमी झाला, पण प्रत्येक फेरीला लागणारा जोरही तितकाच उतरला. दिघ्यात रस्ता डोंगराकडे, ईलठणपाड्याच्या बाजूला वळला की चढ लागतो. पूर्वी तेथे गुडघा कण्हत असे. आता पाय सावकाश फिरत राहतो. या बदलाला फ्रीव्हील आणि लांब चेन एवढाच खर्च येतो, आणि गुडघेदुखीच्या माणसाला सर्वांत जास्त आराम यानेच मिळतो.

तिसरा बदल बैठकीचा. कडक चामडी सीट काढून रुंद, गादीची सीट बसवली आणि तिची उंची नीट लावली. आपल्याकडे भीतीपोटी सीट फार खाली ठेवतात. तसे केल्यास गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. पायडल अगदी खाली असताना गुडघ्याला किंचित बाक राहील, एवढी उंची योग्य. थांबताना सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे. चढण्याची रीतही बदलली. मागून टांग मारणे बंद केले. आता सायकल स्वतःकडे कलती करून पुढून पाय दांडीपलीकडे टाकतो. ज्यांचा पाय तेवढाही उचलत नाही, त्यांनी खाली झुकलेल्या दांडीची लेडीज सायकल घ्यावी; जुन्या सायकलीची दांडी कापून घेण्याचा उद्योग मात्र कधीही करू नये, कारण सांगाड्याचे बळ त्या दांडीतच असते.

याशिवाय नवे टायर-ट्यूब, कॉटर पिनेऐवजी बंदिस्त बेअरिंगचा क्रँक, उजवीकडे आरसा आणि पुढे-मागे बॅटरीचे दिवे. एकूण खर्च सहा हजार तीनशे रुपये झाला. “एवढ्यात नवी आली असती,” असे शेजारी म्हणाले. आली असती. पण हँडलची रुंदी, वळतानाचा कल, दांडीची लांबी हे सगळे माझ्या अंगाला चाळीस वर्षे ठाऊक आहे, आणि ज्या वयात तोल जपायचा असतो त्या वयात ही ओळख मोलाची असते. शिवाय, खरे सांगायचे तर, मला तीच हवी होती. हेही कारण पुरेसे आहे, असे मी मानतो.

सायकलीची जुनी पितळी घंटी तेवढी उरली. नव्या हँडलला नवी घंटी बसली होती. मुलाने जुनी घासून चकचकीत केली आणि पत्नीच्या खुर्चीच्या डाव्या हाताला पट्टीने घट्ट बसवली. तोवर काही हवे असले की तिला हाक मारावी लागे. हाक मोठी निघत नसे आणि ऐकू गेली नाही की तिचे डोळे भरून येत. आता अंगठ्याने घंटी वाजते आणि घरातील सर्वांना कळते. ज्या घरात एखादा रुग्ण अंथरुणावर किंवा खुर्चीत आहे, त्यांनी हा उपाय अवश्य करून पाहावा.

आता दुसऱ्या वस्तूकडे, म्हणजे पुस्तकांकडे येतो.

पत्नीसाठी व्यायामतज्ज्ञ ताईंनी पायाने फिरवायचे छोटे पायडल-यंत्र सुचवले होते. खुर्चीत बसूनच ते फिरवायचे. उजवे पाऊल घसरू नये म्हणून त्याला पट्टा बांधायचा. सुरुवात पाच मिनिटांनी करून हळूहळू वाढवायची होती. पण पाच मिनिटे किती लांब असतात, हे अशा यंत्रापुढे बसल्यावरच कळते. मी घड्याळ घेऊन शेजारी बसे, “अजून दोन मिनिटे” म्हणे, आणि ती मान फिरवून घेई. “अहो, कुठे जायचंय मला हे फिरवून?” असे तिने एकदा विचारले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझी सायकल मला ईलठणपाड्यापर्यंत नेत होती. तिचे पायडल तिला कोठेच नेत नव्हते.

त्याच सुमारास माळ्यावरची पेटी खाली आली. तीत मुलाच्या वेळचे ‘चांदोबा’चे बांधीव अंक होते. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासेत १९४७ मध्ये काढलेल्या ‘चंदामामा’चे हे मराठी भावंड. रद्दीत देण्याआधी चाळावे म्हणून मी एक अंक उघडला आणि विक्रम-वेताळाची गोष्ट मोठ्याने वाचू लागलो. अर्धे पान झाले असेल, तोच शेजारी यंत्राची घरघर ऐकू आली. ती पायडल फिरवीत होती. तेव्हापासून आमचा करार ठरला: पायडल फिरते तोवर वाचन, पायडल थांबले की वाचन थांबले.

वेताळाच्या गोष्टीची रचना आठवून पाहा. राजा झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेतो. वाट लांब, ओझे जड, आणि बोलायचे नाही. त्या वाटेचे श्रम हलके व्हावेत म्हणून वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी पेचाचा प्रश्न टाकतो. राजाने उत्तर दिले की वेताळ पुन्हा झाडावर, आणि राजा पुन्हा वाटेवर. ओझे वाहणाऱ्या माणसासाठीच जणू या गोष्टी रचल्या आहेत. आमच्याकडे प्रश्नाचे उत्तर पत्नी देते. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, म्हणून मी थांबतो. ती थांबत नाही, पाय फिरत राहतात. उत्तर चुकले तर हसतो आणि बरोबर आले तर अधिक हसतो, कारण मग वेताळाला पळावे लागते.

या अद्भुत कथांना पोरकट समजण्याचे कारण नाही. परंपरेनुसार गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ सातवाहनांच्या दरबाराशी, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या पैठणाशी जोडलेली आहे. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्या परंपरेतून ‘कथासरित्सागर’ रचला, आणि त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्या कधी लहान मुलांपुरत्या नव्हत्याच. दिवसाचे श्रम संपल्यावर सगळे घर त्या ऐकत असे.

‘चांदोबा’चे अंक संपले, तेव्हा मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तके आणू लागलो. १८९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आमच्यापासून रेल्वेने एका स्थानकावर आहे. तेथून नाथमाधवांची ‘वीरधवल’ आणली. वाचण्यापूर्वी लेखकाविषयी दोन शब्द सांगावेत, म्हणून मी पत्नीला सांगितले, की नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असताना ते कड्यावरून कोसळले, कमरेखालचे शरीर लुळे पडले, आणि त्यानंतर वाचनात मन रमवता रमवता ते लेखक झाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पाय गेल्यावर लिहिलं हे सगळं?” मी होय म्हटले. “मग वाचा,” ती म्हणाली. त्या दिवशी मी पहिल्यांदा घड्याळ पाहायला विसरलो. अकरा मिनिटे झाली होती.

अधूनमधून हलकेपणा हवा म्हणून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या घरी येतो. फुरसुंगीचा हा काटकुळा मुलगा सायकलीवरून संकटात शिरतो आणि तिच्यावरूनच बाहेर पडतो. ती ऐकताना पत्नीचे पाय आपोआप जोरात फिरू लागतात, आणि मलाच “जरा हळू” म्हणावे लागते.

वाचकहो, येथे दावा मर्यादित ठेवतो. गोष्टी ऐकून पक्षाघात बरा होतो, असे मी म्हणत नाही. तिचे औषधोपचार आणि व्यायामतज्ज्ञांचे कष्ट यांचा वाटा मोठा आहे. मी एवढेच पाहिले, की पाच मिनिटांना कंटाळणारी व्यक्ती वर्षभरात वीस मिनिटांपर्यंत आली, उजवे पाऊल पट्ट्याशिवाय टिकू लागले, आणि संध्याकाळ जवळ आली की “आज पुढे काय?” असे विचारू लागली. आजारी माणसाला उद्याविषयी कुतूहल वाटणे, ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. वाईट दिवसही येतात. काही संध्याकाळी ती पायडलाकडे पाहतही नाही. त्या दिवशी करार बाजूला ठेवून मी तसेच वाचतो.

मोठ्याने वाचण्यासाठी पुस्तक निवडताना काही पथ्ये पाळावीत. प्रकरणे लहान असावीत, म्हणजे दमल्यावर थांबता येते. पात्रे फार नसावीत. असतील तर आदल्या दिवशीचा धागा दोन वाक्यांत सांगून मग पुढे जावे. टाइप मोठा असावा, कारण वाचणाराही तरुण नसतो. झोपण्यापूर्वी भयकथा टाळाव्यात. आणि ऐकणाऱ्याला आवडेल तेच वाचावे; ‘तुमच्यासाठी चांगले आहे’ म्हणून काही लादू नये.

माझ्या सायकलीलाही नियम आहेत. सूनबाई कामावर निघण्यापूर्वी, पहाटे उजाडल्यावर पाऊण तास. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जायचे नाही. आतल्या गल्ल्यांतूनच फिरायचे. रविवारी कारखान्यांच्या बाजूचे रस्ते रिकामे असतात, तेव्हा थोडे लांब. पाऊस असेल किंवा रात्री झोप झाली नसेल, तर सुट्टी. डोक्यावर हेल्मेट, खिशात फोन आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. वेग असा, की बोलता यावे पण गाता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि त्याबरोबर तोल व स्नायूंचे बळ राखणारे व्यायाम सांगते. पाऊण तासाच्या चार फेऱ्यांत १८० मिनिटे होतात. माझा रक्तदाब आता आटोक्यात आहे, आणि घरातला माझा आवाज खाली आल्याचे सूनबाई सांगते.

एक दिवस रस्ता माझ्यासाठीही बंद होईल. त्याची चर्चा आम्ही आजच करून ठेवली आहे. तोल राखण्याच्या चाचणीत मी दोनदा नापास झालो, की सायकलीचे मागचे चाक उचलून ती पक्क्या स्टँडवर घरातच उभी राहील, आणि मी तेथेच पायडल मारीन. वाचण्याचे काम तेव्हा नातीकडे जाईल. तिने ते आत्ताच मागून ठेवले आहे. मुलाला हा करार लेखी हवा होता, तोही दिला.

घरातील तरुणांना शेवटी एकच विनंती आहे. वडीलधाऱ्यांच्या आवडीची एखादी वस्तू धोक्याची वाटली, तर ती परस्पर भंगारात देऊ नका. आधी त्यांना विचारा, की यातले नेमके काय जड जाते. कदाचित ब्रेक जड जात असेल, कदाचित अक्षर बारीक असेल, कदाचित पायरी उंच असेल. तेवढे बदलून पाहा. आणि माझ्या वयाच्या वाचकांनीही बदल करून घ्यायला लाजू नये. अठराच्या जागी बावीस दाते आले म्हणून सायकल परकी होत नाही, आणि सत्तरीत वेताळाची गोष्ट ऐकली म्हणून कोणी लहान होत नाही.

सध्या ‘वीरधवल’ची दुसरी फेरी चालू आहे. शेवट ठाऊक असूनही पत्नीला ती पुन्हा हवी आहे.